रंगखातं

परवा भाचीने घरीच केस रंगवले. बेत असा होता, की कानापर्यंत केस काळेच ठेवायचे, तिथून खाली हळूहळू तपकिरी आणि टोकाला मधासारखे सोनेरी. बाथरूमचं दार तासाभराने उघडलं तेव्हा वीतभर टोकं चक्क शेंदरी होती. आमच्या प्रभादेवीत शेंदराला मान मोठा, पण तो सिद्धिविनायकाच्या मूर्तीवर. नातीच्या शेपट्यावर तो पाहून आईने कपाळाला हात लावला.

बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, एक बट उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ब्लीच अर्धवट राहिलंय. रंगाचा दोष नाही."

बाबा गिरणीत डाइंग खात्यात होते. गिरणी सुटून चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण नजर तीच आहे. आणि त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. आपल्या काळ्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. एक काळं-तपकिरी, ते ब्लीचने लवकर तुटतं. दुसरं तांबूस-पिवळं, ते चिवट. त्यामुळे काळा केस सरळ सोनेरी होत नाही. आधी तांबडा, मग शेंदरी, मग पिवळा होत जातो. मधेच धुतला की जिथे थांबलात तो रंग तुमचा!

गंमत म्हणजे या छटांच्या केसांना जे 'ऑम्ब्रे' म्हणतात, तो फ्रेंच शब्द केसांवर येण्याच्या कितीतरी आधी कापडासाठी आणि रिबिनींसाठी वापरात होता. कापड रंगात बुडवायचं आणि सावकाश वर काढत जायचं. जो भाग जास्त वेळ बुडाला तो गडद. केसांचं मात्र उलट, जो भाग ब्लीचमध्ये जास्त वेळ राहतो तो फिका. तत्त्व तेच, वेळेचं.

मला वाटतं, केसांच्या रंगाचा इतिहास हा कापडाच्या रंगाच्या इतिहासाचं शेपूट आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. डांबरापासून रंग निघतात हे कळल्यावर युरोपात कारखान्यांची रांगच लागली. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून मिळणारा लाल रंग १८६८ मध्ये दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या बनवला. बीएएसएफने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार उठला. याच घराण्यातलं एक रसायन म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन. ते पेरॉक्साइडबरोबर केसाच्या आत शिरून काळं होतं, हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केसांचे नवे कलप निघाले. १९०७ च्या सुमारास पॅरिसच्या यूजेन शुएलरने आपला कलप तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लोरियाल झाली.

मुंबईत १८७९ मध्ये नवरोजी वाडियांनी जो धंदा सुरू केला तो सूत हाताने बुडवून रंगवण्याचा होता. बॉम्बे डाइंग हे नाव त्यातूनच आलं. तांबडा, हिरवा, नारिंगी असे रंग देऊन सूत उन्हात वाळवत. पुढे या सगळ्या भागात गिरण्या झाल्या. प्रभादेवीतच स्टँडर्ड मिल होती. आज त्या जागांवर टॉवर आहेत, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. असो.

आमच्या घरात कलप शिरला तो मात्र फॅशनपायी नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा तेव्हा सदतीस वर्षांचे. आमच्या घराण्यात केस लवकर पिकतात, त्यांचे तर कानाशेजारी पांढरेशुभ्र झाले होते. वर्षभराने ते काम शोधायला निघाले तेव्हा एका ठिकाणी वय सांगूनही विश्वास बसला नाही. "काका, हे काम तुम्हाला झेपणार नाही," असं ऐकून ते परत आले. त्या रात्री आईने वाटीत कलपाची पावडर कालवली आणि जुन्या दातांच्या ब्रशने त्यांच्या केसांना लावली. आम्हा मुलांना बाहेर गॅलरीत बसवलं होतं. सकाळी बाबांचे केस कुळकुळीत काळे आणि कपाळावर काळी किनार! ती लिंबाने घासूनही निघेना. खाज दोन दिवस टिकली. त्या केसांवर भिवंडीत एका छोट्या रंगाईच्या कारखान्यात काम मिळालं. (ती खाज त्याच पॅराफेनिलिनडायमिनची. 'काळी मेहंदी' म्हणून मिळते तिच्यातही ते बरेचदा असतं. अस्सल मेहंदी काळी नसतेच. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबावं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भाचीनेही वाचलं नव्हतं.)

त्या रात्रीबद्दल बाबा कधी बोलत नाहीत. परवा मात्र बट हातात असताना म्हणाले, "मी सूत रंगवून पोट भरलं आणि केस रंगवून नोकरी मिळवली. ही पोरगी असलेला काळा रंग काढायला पैसे देते!" आवाजात राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं.

मग त्यांनी कामाचं विचारायला सुरुवात केली. किती वेळ ठेवलंस? पाणी गरम होतं का? वरून खाली एकदम रेघ का दिसतेय? भाचीने सांगितलं, की ब्रश आडवा फिरला, उभा फिरवायला हवा होता. "आणि आता हा शेंदरी?" मी विचारलं. "नीळ द्यायची," बाबा म्हणाले. मी हसले, पण भाचीने मोबाइलवर दाखवलं: शेंदरीपणा मारायला निळा टोनर. पिवळट धोतराला आई नीळ द्यायची तोच न्याय. नारिंगीवर निळा पडला की दोन्ही एकमेकांना खातात.

रविवारी दुसरा हात झाला. घड्याळ बाबांकडे होतं. दर पाच मिनिटांनी ते एक बट पुसून बघत होते आणि भाची "झालं का, आजोबा?" म्हणाली की फक्त मान हलवत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "ॲसिडचं पाणी दिलंस का? ब्लीचनंतर माल तसाच सोडायचा नसतो." तिने कंडिशनरची बाटली पुढे केली. मागचं बारीक अक्षर वाचून बाबांनी सायट्रिक ॲसिड शोधून काढलं, आणि मग बाटली तिच्या हातात परत दिली.