नारायण विनायक जगताप कोण होते?

१/ १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप नावाचे असे कोणी लेखक मात्र अस्तित्वातच नव्हते.

२/ नावाची आद्याक्षरे ना. वि. ज. उलट्या क्रमाने वाचली की ज. वि. ना. होतात, म्हणजेच जयंत विष्णू नारळीकर. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान सुरू असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून स्पर्धेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवण्यात आली.

३/ एवढी खबरदारी कशासाठी? १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे नारळीकरांचे नाव घरोघरी पोहोचले होते. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ साली केंब्रिजहून परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. असे नाव कथेवर असते, तर परीक्षकांनी कथा तपासली की कीर्ती, हे कधीच कळले नसते.

४/ कथेचे शीर्षकही तेव्हा नवे होते. इंग्रजीतील मूळ संज्ञा जॉन व्हीलर यांनी १९६७ साली रूढ केली, त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तानुसार गुरुत्वाकर्षण जितके प्रबळ, तितका तेथील काळ दूरच्या निरीक्षकाला मंद दिसतो. कृष्णविवराजवळ हा परिणाम टोकाला जातो. तेथून परतणाऱ्याचे थोडेच वय वाढलेले असते. मागे राहिलेल्यांचे आयुष्य मात्र सरून गेलेले असू शकते.

५/ एच. जी. वेल्स यांना १८९५ साली काळाच्या प्रवासासाठी एक यंत्र कल्पावे लागले. येथे निसर्गनियमच वाहन होतो. आज उपग्रहांवरून स्थान शोधणाऱ्या जीपीएस यंत्रणेलाही हा नियम पाळावा लागतो : तिच्या उपग्रहांतील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती चूक सुधारावी लागते.

६/ कल्पना मात्र भारतीय वाचकाला अनोळखी नव्हती. भागवत पुराणात कुशस्थळीचा राजा ककुद्मी कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो आणि तेथे गायन संपेपर्यंत थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटतात. मनात योजलेले वर, त्यांचे पुत्रपौत्र, कोणीच उरत नाही. अखेर रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. पुराणात कारण ब्रह्मलोकाचे माहात्म्य, विज्ञानकथेत गणिती समीकरण. परतणाऱ्याचे एकाकीपण दोन्हीकडे सारखेच.

७/ मराठीत विज्ञानकथा त्याआधीही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत अवतरली होती. तरीही हा प्रकार साहित्याच्या ओसरीवरच राहिला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, तेव्हा तो माजघरात आला. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला.

८/ भविष्यात जाण्यास भौतिकशास्त्र वाट देते; भूतकाळात जाऊन तो बदलायचा म्हटले की तर्क अडतो. बदललेल्या भूतकाळात मुळात प्रवाशाचा जन्मच झाला नाही, तर निघाले कोण? नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ही अडचण वेगळ्या रीतीने ओलांडली. तेथे इतिहास बदलत नाही. दुसराच इतिहास समांतर नांदत असतो.

९/ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी सैन्याचा धीर खचला. कथेतल्या दुसऱ्या जगात ती गोळी त्यांना चाटून जाते आणि पुढचे सारे पालटते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. एका गोळीवर इतके अवलंबून होते काय? की रसद तुटलेली, यात्रेकरूंचा लवाजमा सोबत, उत्तरेत मित्र दुरावलेले, अशा फौजेचा पराभव केवळ लांबला असता? कारणे मोजण्याचा हा उत्तम सराव आहे.

१०/ २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्याआधी २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. त्या पदावर निवडले गेलेले ते पहिले वैज्ञानिक. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्याने स्वतःचे नाव लपवून मराठी साहित्याचे दार ठोठावले, त्यालाच त्या घराने मानाच्या आसनावर बसवले. ते दार मात्र उघडले होते जगतापांच्या नावावर, निव्वळ कथेच्या गुणावर.