कानासाठीचा मथळा

‘मथळा’ या शब्दाचे नाते ‘माथा’ या शब्दाशी आहे आणि ‘शीर्षक’ हा शब्द डोके या अर्थाच्या ‘शीर्ष’वरून आला आहे, म्हणजे दोन्ही शब्द मजकुराच्या वरच्या टोकाकडेच निर्देश करतात. जुन्या पोथ्यांत मात्र अध्यायाचे नाव बहुधा शेवटी, ‘इति’ने सुरू होणाऱ्या समाप्तिवाक्यात म्हणजे पुष्पिकेत येई. पोथी एकाने वाचावी आणि अनेकांनी ऐकावी अशी रीत असल्यामुळे ही खूण डोळ्यांइतकीच कानांचीही होती.

विषयवार मांडणीचे मराठीतील थोर उदाहरण विदर्भात घडले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. पुढे केसोबासांनी स्वामींची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि ती संहार, संसरण, उद्धरण, विचार, आचार अशा प्रकरणांखाली लावली, त्यामुळे प्रसंगांच्या ओघात विखुरलेले वचन विषयाच्या नावाने सापडू लागले. मथळ्याचे मूळ कार्य हेच आहे. शोभा ही त्यानंतरची गोष्ट.

छापखान्याने मथळा मोठ्या, ठळक खिळ्यांत आणला आणि आकार हीच त्याची ओळख ठरली. संगणकाने ही ओळख पुन्हा आकारापासून वेगळी केली. आयबीएम कंपनीत १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी घडवलेल्या जीएमएल या पद्धतीत मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे, हे खुणेने सांगण्याचे तत्त्व होते. त्याच परंपरेतून टिम बर्नर्स-ली यांची एचटीएमएल ही वेबपानांची खूणभाषा निपजली आणि तिच्यात एच १ ते एच ६ अशा मथळ्यांच्या सहा पायऱ्या ठरल्या.

या पायऱ्यांचे मोल विदर्भातील काटोल परिसरातल्या संत्र्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ‘संत्रा लागवड’ हा पानाचा पहिल्या पायरीचा मथळा मानला, तर ‘आंबिया बहार’ आणि ‘मृग बहार’ हे दुसऱ्या पायरीचे मथळे होतात, आणि झाडाला फुलोऱ्यासाठी काही काळ पाणी तोडण्याची क्रिया, म्हणजे ‘ताण’, ही दोन्हींखाली तिसऱ्या पायरीवर येते. आंबियाचा ताण थंडीत आणि मृगाचा उन्हाळ्यात असल्याने एकाच शब्दाचा अर्थ त्याच्या वरच्या मथळ्यावरून ठरतो. शोधयंत्रालाही मजकुराचा विषय ओळखण्यास हा क्रम साहाय्य करतो, मात्र तेवढ्यावर पान शोधात वर येते असे समजणे चूक आहे.

दृष्टिहीन वाचकासाठी हा क्रम म्हणजे पानातली वाटच होय. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत प्रणालीत एच ही कळ दाबली की वाचक पुढच्या मथळ्यावर जातो आणि २ दाबले की दुसऱ्या पायरीच्या पुढच्या मथळ्यावर, म्हणजे आंबियावरून थेट मृगावर, पोहोचतो. मथळ्याची खूण न लावता अक्षरे नुसती मोठी आणि ठळक केली असतील, तर या कळा त्या ओळीवर थांबतच नाहीत, आणि ऐकणाऱ्याला सारे पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. मराठीत पाने रचणाऱ्यांनी आधी मथळ्याची खूण लावावी, आकार मागाहून ठरवावा.