प्रयोगशाळेतील माकडांचे आरोग्य

प्रयोगातील माकड निरोगी असल्याखेरीज त्यावरून काढलेला निष्कर्ष ग्राह्य ठरत नाही. १९७८ साली भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. परंतु २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस कोव्हॅक्सिन लशीच्या परीक्षणासाठी तीच हवी झाली, तेव्हा प्रयोगशाळेत वाढविलेली माकडे देशात मिळेनात. टाळेबंदीत कळप खोल रानात शिरले होते. वनखात्याच्या साहाय्याने अखेर नागपूरनजीक त्यांचा शोध लागला. पुढे माणसाचा रोग माकडास जडू नये, म्हणून त्यांची देखभाल करणारांचीच वारंवार तपासणी होई. कारण आधीच बाधित झालेले जनावर लशीचा गुण दाखवू शकत नाही. वीस माकडांवरील निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लस दिलेल्यांत फुप्फुसदाह आढळला नाही. निरोगी माकडांची वसाहत आधीपासून सांभाळलेली असती, तर साथीच्या ऐन भरात रान धुंडाळावे लागले नसते.