चालत्या संगणकाची साठवण हलविताना

बँकेचे किंवा रुग्णालयाचे सर्व्हर ज्या डिस्क-संचावर माहिती साठवितात, तो काही वर्षांनी अपुरा पडतो आणि बदलावा लागतो. एरवी त्यासाठी सुट्टीची रात्र गाठून सारी यंत्रणा बंद ठेवावी लागे. एकाच सर्व्हरवर अनेक 'व्हर्च्युअल मशीन', अर्थात आभासी संगणक, चालू लागल्यावर वेगळा मार्ग खुला झाला. कारण आभासी संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे बहुधा एक मोठी फाइलच असते.

व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये आणलेले 'व्हीमोशन' चालता आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेई; डिस्कची फाइल मात्र जागीच राही. ती फाइलही हलविणारे 'स्टोअरेज व्हीमोशन' २००७ च्या अखेरीस ईएसएक्स ३.५ बरोबर आले.

खरी अडचण नक्कल करण्याची नसून, नक्कल चालू असताना होणाऱ्या नव्या नोंदींची आहे. फाइलचा शेवट गाठेपर्यंत तिच्या आरंभीच्या भागात खातेदारांचे नवे व्यवहार उमटलेले असतात. पहिल्या आवृत्तीत मूळ डिस्क गोठवून नव्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये घेतल्या जात व मागाहून त्यात मिसळल्या जात. २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये केवळ बदललेले भाग पुन:पुन्हा उतरविले जाऊ लागले. परंतु नोंदींचा वेग नकलेच्या वेगाहून अधिक असला, की हे काम आटोक्यातच येत नसे. २०११ मध्ये पाचव्या आवृत्तीने आरशाची पद्धत स्वीकारली. नक्कल एकदाच, आरंभापासून शेवटापर्यंत होते. उतरलेल्या भागातील नवी नोंद दोन्ही डिस्कवर लिहिली जाते; न उतरलेल्या भागातील फक्त जुन्या डिस्कवर; आणि ज्या भागाची नक्कल त्याच क्षणी चालू आहे, तेथील नोंद तेवढ्यापुरती थोपविली जाते. तिन्हींत सर्वांत सोपी पद्धत सर्वांत शेवटी यावी, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ही सोय २०१२ च्या विंडोज सर्व्हरबरोबर आली.

'विनाखंड' हा शब्द मात्र जपूनच घ्यावा. अखेरीस नव्या डिस्कवर जाताना आभासी संगणक क्षणभर थांबतोच. वापरणाऱ्यास ते सहसा जाणवत नाही इतकेच. स्थलांतर पूर्ण होईपर्यंत दोन्हीकडे जागा अडते आणि डिस्क-संचांवर ताणही पडतो. शिवाय फाइलमधील माहिती आधीच बिघडलेली असेल, तर तो बिघाडही तितक्याच निष्ठेने नव्या जागी पोहोचतो. त्यामुळे हलविण्यापूर्वीचा बॅकअप टाळता येत नाही.