आखाची कुरकुर ते डिफरन्शियलची घरघर

🧵 थ्रेड

१/ परभणी जिल्ह्याची काळी जमीन पावसाळ्यात चाक गिळते आणि उन्हाळ्यात तिच्याच चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. अशा वाटांवर वाहनाच्या मागच्या भागातून येणारा आवाज दुर्लक्षून चालत नसे.

२/ लाकडी बैलगाडीत आख स्थिर असतो, चाक त्याभोवती फिरते. तुंबा आणि आख कोरडे पडले की गाडी कुरकुरू लागे. उपाय साधा : चाक बाहेर सरकवायचे, वंगण भरायचे. दोन्ही चाके स्वतंत्र फिरत असल्यामुळे वळणावर अडचण येत नसे.

३/ मोटारीत मात्र इंजिनाला चाके फिरवावी लागतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते. दोन चाकांचे हे वेगळे वेग सांभाळणारी दातेरी रचना, म्हणजे डिफरन्शियल, फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास योजली. मोटार तेव्हा जन्मलीही नव्हती!

४/ पुढे या यंत्राचे रूप बदलले ते मुख्यतः आवाजामुळे. सरळ दातांची चक्रे फार गोंगाट करीत. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड मोटारीत तिरप्या, वक्र दातांची चक्रे आली. १९२६ मध्ये हायपॉइड चक्रे आली. ती शांत होती, पण त्यांचे दात एकमेकांवर घासत सरकत असल्याने त्यांना विशेष गिअर ऑइल आवश्यक ठरले. चुकीचे तेल घातले की दात खराब झालेच.

५/ परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांसह सरकारी रस्ते वाहतूक सुरू केली. त्यांतील आल्बियन गाड्या स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे घडलेल्या. सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा, तेव्हा बिघाड वेळीच ओळखणारा कान किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते.

६/ हा कान नेमके काय ऐकतो? रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर तो टायरचा. ॲक्सलला दोष देऊ नये. इंजिन ओढत असताना कण्हल्यासारखा सूर निघाला, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची जुळणी बिघडलेली असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तो उमटला, तर पिनियनच्या बेअरिंगमधील ढिलाईचा संशय येतो. ओढ असो वा नसो, घरघर कायम राहिली तर चाकाचे बेअरिंग तपासावे. केवळ वळणावर खडखड झाली, तर डिफरन्शियलमधील छोटी चक्रे. गाडी सुटताना एकच ठोका बसला, तर कुठेतरी दातांत अथवा सांध्यात वाजवीपेक्षा जास्त फट पडली आहे.

७/ दुरुस्तीची सुरुवात तेल काढण्याने होते. त्यात लोखंडाची चकाकती कणी दिसली की पुढचे काम ठरते. मग क्राऊनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून चक्र फिरवतात. होय, देवाला लावतात तोच शेंदूर, शिशाचा ऑक्साइड! ठसा दाताच्या मध्यभागी उमटला तर जुळणी योग्य. कडेला सरकला तर पिनियनमागच्या पातळ चकत्या कमी-अधिक करायच्या. दात झिजले असतील तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, कारण कारखान्यात ती एकमेकांवर घासूनच जुळवलेली असतात.

८/ काळ्या चिखलात डिफरन्शियलचा जुना दोष उघडा पडतो. एक चाक रुतून जागीच गरगरते, दुसरे ढिम्म हलत नाही. अशा वेळी चालकाने ॲक्सिलरेटर दाबत ठेवला, तर आतील छोटी चक्रे तापून झिजतात. चिखलातला उतावळेपणा मग कोरड्या रस्त्यावरच्या वळणावर ऐकू येतो.

९/ सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील बससेवा राज्य परिवहन महामंडळात सामावली.

१०/ दरम्यान बैलगाडीही बदलली. लाकडी चाकांच्या जागी हवेचे टायर आले, तुंब्याच्या जागी बेअरिंग आले. आता तिचे चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवतात आणि कान लावून ऐकतात, थेट बसच्या चाकासारखे.