माशीचा बंदोबस्त ते माशीपालन: बेंगळुरूच्या ओल्या कचऱ्याचा इतिहास

कृषिविषयक पाठ्यपुस्तकांत कंपोस्ट खताच्या 'इंदूर' आणि 'बंगलोर' या दोन पद्धती जोडीने शिकवल्या जातात. त्यांची कृती एकमेकींहून वेगळी असली, तरी कुजणाऱ्या कचऱ्यावर माशी बसू नये आणि बसलीच तर तिच्या अळ्या जगू नयेत, याविषयी दोन्ही सारख्याच दक्ष आहेत. ज्या शहराचे नाव यांपैकी एका पद्धतीला मिळाले, त्याच बेंगळुरूत आज कचऱ्यावर माशीच्या अळ्या मुद्दाम वाढवण्याचे संशोधन आणि उद्योग उभे राहिले आहेत. हा पालट कसा घडला, हे शहराच्या, आणि विशेषतः त्याच्या दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी परिसराच्या वाढीतून उलगडते.

होळकरांच्या इंदूर संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा व शेण यांचे थर रचून, ढीग ठरावीक काळाने परतून खत करण्याची रीत बसवली आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. ढिगाच्या आत निर्माण होणाऱ्या उष्णतेने माशीची अंडी व अळ्या नष्ट होतात, हा या रीतीचा मोठा लाभ मानला गेला. पुढे १९३९च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरांच्या गरजेनुसार दुसरी पद्धत विकसित केली. तीत चरांमध्ये शहरातील कचरा आणि मैला यांचे थर आलटून पालटून भरून, माशी बसू नये म्हणून वरून मातीने झाकत, आणि ढीग न परतता काही महिने तसाच कुजू देत. मैल्यापासून होणाऱ्या 'सोनखता'ची जुनी परंपरा अशा रीतीने आरोग्यशास्त्राच्या चौकटीत बसवली गेली.

या पद्धतीची भिस्त मात्र कचरा कुजणारा असण्यावर होती. १९७५ मध्ये कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळ स्थापन झाले आणि होसूर रस्त्यालगतच्या कुडलू भागात शहराच्या कचऱ्यापासून खत होऊ लागले. त्याच रस्त्याने आणखी दक्षिणेला कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर, आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून, 'केओनिक्स' या राज्य सरकारच्या महामंडळाने १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली. १९९० नंतर सॉफ्टवेअर कंपन्या तेथे आल्या, त्यांच्यामागून उपाहारगृहे आणि निवासी संकुले वाढली आणि पूर्वी गावच्या उकिरड्यावर जिरणारे खरकटे आता प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बाहेर पडू लागले. अशा मिश्र कचऱ्याचे चांगले खत होत नाही. म्हणून शहराचा कचरा उत्तरेकडील मावळ्ळीपुरा आणि पूर्वेकडील मंडूर येथील भरावभूमींकडे, म्हणजे कचरा नुसता साठवण्याच्या जागांकडे जाऊ लागला. तेथील गावकऱ्यांच्या विरोधामुळे २०१२ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, त्याच वर्षी ओला व सुका कचरा वेगळा करणे सक्तीचे झाले आणि २०१४ च्या अखेरीस मंडूरही बंद झाले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या संकुलांवर आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली.

वेगळ्या झालेल्या ओल्या कचऱ्याने अळीपालनाची वाट मोकळी केली. यासाठी वापरली जाणारी 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' ही मूळ अमेरिका खंडातील माशी आज सर्व उष्ण प्रदेशांत आढळते. मादी कुजणाऱ्या पदार्थांजवळच्या फटींत काही शे अंडी घालते. सुमारे चार दिवसांत निघालेल्या अळ्या दोन ते तीन आठवडे अधाशीपणे खातात आणि पूर्ण वाढल्या की काळसर होऊन कोरड्या जागेच्या शोधात स्वतःहून बाहेर सरपटतात, त्यामुळे त्या गोळा करणे सोपे जाते. इआवाग या स्विस जलसंशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार अळ्या कचऱ्याचे वजन ६५ ते ८० टक्क्यांनी घटवतात. मागे उरणारा अळ्यांची विष्ठा मिसळलेला चोथा खतासाठी उपयोगी पडतो, तर वाळवलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते.

अळीचे खाद्यमूल्य १९७० च्या दशकातच अमेरिकेत कोंबड्या व डुकरांवरील प्रयोगांतून तपासले गेले होते. पण पशुखाद्यातली सुक्या मासळीची कुटी महाग होईपर्यंत त्याकडे उद्योगांचे लक्ष गेले नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यपालनात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकप्रथिनांना परवानगी दिल्यावर या धंद्याला बळ आले. बेंगळुरूत राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने या माशीच्या संगोपनावर काम केले आहे आणि २०१९ मध्ये स्थापन झालेली 'लूपवर्म' ही कंपनी ही माशी आणि रेशीमकिडा या दोहोंपासून पशुखाद्याचे घटक बनवते. धागा काढून झाल्यावर कोषातला किडा कोंबड्यांना व माशांना घालणे रेशीम पिकवणाऱ्या या प्रदेशाला अपरिचित नव्हते, म्हणून कीटक पाळण्याची कल्पना येथे उपरी ठरली नाही.

तरीही या पद्धतीला मर्यादा आहेत. कचऱ्यातील कॅडमियमसारखे जड धातू अळीच्या शरीरात साठू शकतात, त्यामुळे कचरा मुळातच वेगळा केलेला नसेल तर तयार होणारे खाद्य निर्धोक राहत नाही. म्हणजे १९३९ च्या चरांप्रमाणेच या अळीचीही भिस्त शुद्ध ओल्या कचऱ्यावरच आहे. साम्य एवढ्यावर संपत नाही. प्रौढ सोल्जर माशी घरमाशीप्रमाणे अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्यांनी व्यापलेल्या कचऱ्यात घरमाशीची पैदास घटते, असे १९५९ मध्येच नोंदवले गेले होते. आचार्यांनी मातीच्या थराकडून जे काम करून घेतले, ते आता काट्याने काटा काढावा त्याप्रमाणे एका माशीकडून करून घेतले जात आहे. साधन बदलले, पण बेंगळुरूच्या कंपोस्टपरंपरेचे मूळ उद्दिष्ट कायम राहिले.