ऑथेंटिकेटर ॲपची गुप्त किल्ली कशी चालते?

भामरागड, एटापल्लीकडे रेंज गेली की एसएमएसचा ओटीपी अडकतो. ऑथेंटिकेटर ॲपला कोड काढायला रेंज लागत नाही.

टू-फॅक्टर सुरू करताना दिसणाऱ्या क्यूआर कोडमध्ये गुप्त किल्ली असते: इंग्रजी अक्षरे आणि २ ते ७ अंकांची ओळ. ती सर्व्हरकडे आणि फोनमध्ये राहते. किल्ली व घड्याळाची वेळ यांवरून दोघेही, बहुधा दर ३० सेकंदांनी, तोच ६ अंकी कोड काढतात. म्हणून फोनची वेळ अचूक हवी.

किल्ली ज्याच्या हाती, त्यालाही तोच कोड मिळतो. त्यामुळे संघटनेचे फेसबुक पेज चालवणाऱ्या खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. किल्ली कागदावर लिहून दोन जबाबदार कार्यकर्त्यांकडे ठेवा. फोन हरवला तरी पेज हातचे जाणार नाही. किल्ली फुटल्याची शंका आली, तर लगेच नवी घ्या.